पूर्वेस विहीर

फाल्गुन लागला की कचेरीसमोरच्या करंजाची पाने आठ-दहा दिवसांत गळून जातात आणि माझ्या टेबलावर थेट ऊन येते. शेजारचे अर्जनवीस त्या दिवसांत ताडपत्री बांधतात, टेबल भिंतीकडे सरकवतात. मी सरकवत नाही. ते ऊन अजून कोवळे असते, सकाळचा गारवा त्याच्या पोटात शिल्लक असतो, आणि कागदावर ते पडले की शाई वाळण्याआधी क्षणभर चमकते. त्या चमकेकडे पाहिले की मला धरणाचे पाणी आठवते. मग समोरच्या पक्षकाराने सांगितलेले वाक्य मला पुन्हा विचारावे लागते.

पूर्वी मी कधीही पुन्हा विचारत नसे. राजगुरुनगरच्या कचेरीबाहेर बसून मला सव्वीस वर्षे होत आली. शिक्षण म्हणाल तर नववीपर्यंत. पुढचे सगळे कागदांनी शिकवले. तरीही माझा मसुदा हातात पडल्यावर शिकलेसवरलेले वकील 'हा कोणी लिहिला' असे विचारतात, हे तालुक्यात अनेकांना ठाऊक आहे. एकदा ऐकावे आणि एका बैठकीत लिहावे, खाडाखोड करू नये, ही माझी रीत होती. तिचा मला अभिमान होता. आता माझ्या टेबलापलीकडे पक्षकाराचे स्टूल नाही. ते माझ्या बाजूला, माझ्या खुर्चीला खेटून आहे. नवीन माणूस बिचकतो, पलीकडेच उभा राहतो. मी म्हणतो, "इकडे या. शेजारी बसा आणि सांगा." हा बदल तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात झाला. तो फाल्गुन मी माझ्या सासऱ्यांबरोबर, मामांबरोबर, मरळ जातीचा मासा धरण्यात घालवला.

मामांचे गाव चाकणच्या पश्चिमेला, डोंगरांच्या कुशीत होते. तिथे आता धरणाचे पाणी आहे. गाव उठले तेव्हा माणसे कुठे कुठे पांगली. मामा चाकणच्या एका कंपनीत रखवालदार झाले. ज्या हाताने त्यांनी नांगर धरला होता, त्या हाताने ते सोळा वर्षे ट्रकचे नंबर वहीत लिहीत राहिले. पुढे त्यांचा मुलगा बाळासाहेब कंपनीत कायम झाला, पिंपळे गुरवला त्याने फ्लॅट घेतला, आणि मामा चौथ्या मजल्यावर राहायला गेले. तिथून त्यांना गाड्यांचे पार्किंग दिसे. पुढे तेही पुसट दिसू लागले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. नजर कडेकडेने मिटत आली होती. मामा म्हणत, "नळीतनं बघितल्यावानी दिसतं. नळीत येईल तेवढंच माझं."

मामा लेकीकडे कधी दोन रात्रींवर राहिले नव्हते. जावयाच्या घरचे पाणी पिताना अवघडणारी ती पिढी. ते त्या वर्षी आपली पिशवी घेऊन आमच्याकडे आले आणि माझ्या पत्नीला, सुमनला, म्हणाले, "सुमे, शिमगा हुईस्तवर ऱ्हातो. धरणाचं पाणी उतारलं आसंल. आपल्या हिरीवरची एक मरळ धरायची हाय. दिसतंय तवर."

सुमन चुलीपुढून उठली नाही. पदराने डोळे पुसले आणि धुराला बोल लावला. आमच्याकडे गॅस आहे, पण आबा, म्हणजे तिचे वडील, आले की ती अंगणातली चूल पेटवते.

त्या विहिरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मामा आणि सासूबाई यांनी लग्नानंतरच्या दोन उन्हाळ्यांत ती दोघांच्या हातांनी खोदली होती. मामा खाली, सासूबाई वर. खालून पाटी भरायची, वरून ओढायची. पाणी लागले त्या दिवशी सासूबाई वरून नुसत्या 'काय वो, काय वो' करत राहिल्या आणि खालून मामांनी पाटीची दोरी नुसती दोनदा ओढली. पुढे गाव उठण्याची वेळ आली, तेव्हा जमिनीबरोबर विहिरीचीही नोंद व्हावी म्हणून अर्ज करायचा होता. मी नवा जावई होतो, मामांचे शेत अजून पाहिलेही नव्हते, कचेरीसमोर नुकते टेबल मांडले होते. सासऱ्यांचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेणे हा माझा अपमान झाला असता. मी तो लिहिला. कोऱ्या तावावर, निळ्या शाईने, एकही अक्षर न खोडता.

उत्तर आले: 'अर्जात नमूद केलेल्या ठिकाणी विहीर आढळून आली नाही.'

मी पेटून उठलो. पाहणीला आलेला माणूस बांधावर उतरलाच नसणार, असे मी चारचौघांत बोललो. स्मरणपत्रे लिहिली, एकाहून एक करारी, आणि प्रत्येकात मूळ अर्जातला मजकूर जसाच्या तसा उतरवला. तोवर पाणी चढले. विहीर बुडाली, आणि कागदावर तर ती कधी नव्हतीच. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. मामा त्याविषयी कधी एक शब्द बोलले नाहीत. सणावाराला येत, 'पाव्हणं, बरं हाय न्हवं' एवढे विचारत आणि सुमनशी बोलत बसत. मला वाटे, स्वभावच अबोल.

फाल्गुनातले धरण सकाळी फार हळू जागे होते. मी मोटारसायकलवर मामांना मागे बसवून निघत असे. चाकणच्या चौकात कंपन्यांच्या बसगाड्या, नव्याकोऱ्या मोटारी लादून चाललेले लांबलचक ट्रेलर, पहिल्या पाळीला पळणारी पोरे. मामा मागून विचारत, "चाकान आलं का?" तिथून रस्ता पश्चिमेला वळला की कारखान्यांची पत्र्याची छपरे विरळ होत आणि हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबूस वास येऊ लागे. सोंगणी चालू असे. बांधावरचा पळस बिनपानांचा, नुसता पेटलेला. मामांच्या नळीत तो बरोबर येई. "पळस," ते म्हणत, आणि पुढचा पळस येईपर्यंत गप्प बसत.

काठावर गेनूभाऊ म्हणून एक मासेमार आहे. त्याची लहानशी फळ्यांची होडी आम्ही मागून घेत असू. पहिल्या रविवारी मी प्लास्टिकच्या पाकिटातून गावनकाशाची नक्कल आणि माझ्या अर्जाची स्थळप्रत काढली, तेव्हा तो बघतच राहिला.

"रायटर, माशाला नोटीस काढलीय का काय?"

"जागा निश्चित करायची आहे, भाऊ. चतुःसीमा तपासल्याशिवाय जागा कळत नाही."

"आरं पण मरळ सही करंल का?"

मामा हसले. त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिले होते.

मरळ धरण्याची ही वेळ मामांनी मला समजावली होती. माघापर्यंत ती खोलात, गाळाशी निपचित पडून असते. फाल्गुनात ऊन जरा धरू लागले की आधी उथळ पाणी कोमटते, आणि ती खोल पाण्यातून उथळाच्या कडेला येते. पण उघड्यावर येत नाही. तिला आडोसा लागतो: बुडालेला बांध, बाभळीचे खोड, दगडांची कपार. "आन् हिरीवानी जागा न्हाई तिला," मामा म्हणाले. "वर काठाचं दगूड, ऊन खायाला. भ्या वाटलं, की खाली खोल." शिवाय मरळीला वरचा श्वास लागतो. थोड्या थोड्या वेळाने ती वर येते, पाण्याला तोंड लावते, 'चुप्' असा आवाज होतो, आणि एक वर्तुळ पसरते. वर्तुळ दिसले की हलायचे नाही, त्याच्या थोडे पुढे गळ सोडायचा.

पण आधी विहीर सापडायला हवी होती. मी नकाशा मांडीवर घेऊन होडी वल्हवली. अर्जाप्रमाणे विहीर मामांच्या शेताच्या पश्चिमेस होती. त्या जागी मी दोरीला दगड बांधून पाणी मोजले. दगड लगेच तळाला टेकला. जेमतेम माणूसभर पाणी. पुन्हा टाकला, पुन्हा तेवढेच. दिवसभर मी त्या पाण्यात दगड बुडवत राहिलो.

"जरा पल्याड बघू का?" मामा एकदाच म्हणाले.

"कागदावर इथेच आहे, मामा."

"मंग हितंच आसंल," ते म्हणाले आणि डोंगराकडे तोंड करून बसून राहिले.

दुसरा रविवारही तसाच गेला. गळाला दोन चिलापी मासे लागले, ते गेनूभाऊला दिले. परतताना मामांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोल सावरायला. घरी आल्यावर सुमनने विचारले, "सापडली?" मामा म्हणाले, "सापडंल की. पाव्हणं कागूद घिऊन शोधत्यात." ते वाक्य मी तेव्हा प्रशंसा म्हणून घेतले.

त्या आठवड्यात मामांची नजर आणखी उतरली. ताटातली भाकरी ते चाचपून शोधू लागले. सुमन मला म्हणाली, "अहो, पुढच्या रविवारी काहीही करा. लाखभर लोकांचे अर्ज लिहिता, माझ्या आबांचं एवढं एक काम करा."

तिसऱ्या रविवारी होडी काठापासून सुटली तेव्हा मामा म्हणाले, "पाव्हणं, कागूद ठिवा पाकिटात. म्या सांगतो तशी वल्हवा. डोंगरातली ती खिंड माझ्या नळीत धरा फकस्त. ती हालू दिऊ नका."

मामा होडीच्या मागच्या टोकाला बसले, तोंड डोंगराकडे. डोंगर उत्तरेला. मी वल्ही धरून त्यांच्या समोर बसलो. वल्हवणाऱ्याचे तोंड मागे असते, त्यामुळे माझी पाठ डोंगराला. पाणी आरशासारखे स्वच्छ नव्हते, थोडे दुधाळ होते, आणि त्यावर कुठल्या तरी आंब्याचा झडलेला मोहोर तरंगत होता. बराच वेळ मामांनी खिंड धरून ठेवली. मग उजवा हात वर केला.

"आता ह्या हाताला घ्या."

मी होडी वळवली.

"आवं, ह्या हाताला."

मी आणखी वळवली. मामांनी हात तसाच वर धरला होता. मी त्या हाताकडे पाहत होतो, आणि होडी त्याच्या बरोबर उलट बाजूला चालली होती.

मामा हसले. आवाज न करता, खांदे हलवत. "तवाबी आसंच झालं," ते म्हणाले.

"तवा म्हणजे कधी, मामा?"

मी वल्ही थांबवली. होडी आपल्या आपण थोडी फिरली आणि स्थिर झाली. मग मला ते टेबल दिसले. नवे, वार्निशचा वास येणारे. पलीकडे मामा, अलीकडे मी, मध्ये कोरा कागद. कचेरीसमोर बाजाराची गर्दी. मामा दोन्ही हात पसरून सांगत होते: "डोंगराकडं तोंड केलं, की ह्या हाताला हीर आन् ह्या हाताला वढा." त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला होता. मी माझ्या डाव्या बाजूने लिहिले: पश्चिमेस विहीर, पूर्वेस ओढा. पुन्हा विचारले नाही. मग ठसक्यात वाचून दाखवले, आणि मामा माझ्या शब्दांकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. लेक चांगल्या घरी पडली, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर होते. खाली त्यांनी सही केली.

पाहणी करणारा माणूस बांधावर उतरला होता. मी लिहिले होते तिथे त्याने विहीर शोधली होती. तिथे ओढा होता.

हजारो अर्ज मी लिहिले आहेत. दिलगिरी, विनंती, क्षमायाचना, सगळ्याचे नमुने माझ्यापाशी तयार असतात. त्या होडीत मला एकही वाक्य जुळवता आले नाही. शेवटी म्हणालो, "मामा, चूक माझी होती."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"कागूद आला त्या दिसापासनं. शाळामास्तराकडनं वाचून घितला, तुमच्या अर्जासकट."

"मग बोलला का नाहीत? अजून वेळ होता. दुरुस्ती करता आली असती."

मामांनी हात पाण्यात सोडला आणि तसाच राहू दिला. "आवो, सुमी नवी नांदाय आल्याली. तुमचं टेबल नवं. म्या चारचौघांत म्हनलो आसतो, जावयानं चुकीचं लिवलं, तर तुमच्याकडं कोन आलं आसतं लिवून घ्यायला?" मग म्हणाले, "तिच्या आयलाबी म्या सांगितलं न्हाई. ती म्हनायची, पाव्हण्यांचं अक्षर मोत्यावानी हाय. म्या म्हनायचो, व्हय." आणि पुन्हा खांदे हलले. "अक्षर मोत्यावानी, आन् हीर वढ्यात."

मी हसू शकलो नाही. ऊन आता पाण्यावर पसरले होते. मी उठलो, होडी डगमगली, आणि मामांच्या शेजारी, त्याच फळीवर जाऊन बसलो. डोंगराकडे तोंड करून. खिंड मलाही दिसू लागली. एक वल्हे मी घेतले, दुसरे त्यांच्या हातात दिले. "आता हात करा, मामा."

त्यांनी उजवा हात केला. तो माझ्याही उजव्या बाजूला होता.

दोघांनी मिळून वल्हवायला वेळ लागला. त्यांचे वल्हे कधी पाण्याला लागे, कधी वाऱ्याला. मग एका जागी ते म्हणाले, "टाका दगूड." मी टाकला. माणूसभर पाण्यात तो टेकायला हवा होता. टेकला नाही. दोरी माझ्या बोटांतून सरकत राहिली, एक हात, दोन हात, चार हात, ओली, गार दोरी, आणि मी ती मामांच्या मुठीत दिली. उरलेली त्यांच्या मुठीतून खाली गेली. दोरी संपल्यावर त्यांनी ती दोनदा हलकेच ओढली. वर उभे असलेल्या कुणाला खालून खूण करावी तशी.

मरळ मिळाली, हेही लिहिले पाहिजे, नाहीतर गेनूभाऊ विश्वास ठेवणार नाही. वर्तुळ मामांना दिसले नाही, पण 'चुप्' त्यांनी माझ्याआधी ऐकले. गळाला छोटी बेडकी लावून त्यांनी तो काठाच्या दगडांवर सोडला, आणि गळाचा तंगूस दोरा बोटावर गुंडाळून बसले. ओढ आली तरी घाई केली नाही. "गिळू द्या," ते कुजबुजले, "घर तिचं हाय." मग हिसका दिला. हातभर लांब, काळपट पाठीची, पोटावर पांढुरकी, सापासारख्या डोक्याची मरळ होडीत येऊन आपटली. मामांनी ती दोन्ही हातांत धरली, नाकाशी नेली आणि मला हुंगायला दिली.

"गाळाचा वास येतोय का?"

"नाही."

"आपल्या हिरीला मुरमाचा तळ. वढ्याच्या मासळीला चिखलाचा वास मारतो."

सुमनने अंगणातल्या चुलीवर कालवण केले. मी जेवताना तिला सगळे सांगितले, पहिल्या अर्जापासून. ती वाढता वाढता थांबली. कितीतरी वेळ आबांकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "दोघंही सारखेच," एवढेच म्हणाली आणि मामांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, काटे काढून.

शिमगा झाल्यावर, ते पिंपळे गुरवला परतायच्या आदल्या दिवशी, मी एक कागद लिहिला. विषय तोच, चतुःसीमा बरोबर: पूर्वेस विहीर, पश्चिमेस ओढा. सावकाश, शब्द शब्द वाचून दाखवला. मामांनी विचारले, "कुटं द्यायचा?"

"आता कुठेच देता येत नाही, मामा."

"मंग खाली तुमचीबी सही करा." दोघांच्या सह्या असलेला तो कागद त्यांच्या कपाटात, सासूबाईंच्या फोटोमागे आहे.

आता त्यांच्या नळीत काही येत नाही. दर फाल्गुनात मी एकटा जातो आणि एक मरळ घेऊन पिंपळे गुरवला पोचतो. बाळासाहेब दार उघडतो, "आलं बघा दाजी, वासावरनं कळलं," म्हणतो. मामा गॅलरीत खुर्चीवर असतात. परवाही होते. मी मरळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी शेपटीपासून डोक्यापर्यंत बोटे फिरवली, नाकाशी नेली, पिशवीत परत सोडली आणि मान हलवली.

"ही हिरीवरची न्हाई, पाव्हणं. चिखूल हाय. वढ्याची हाय."

मी म्हणालो, यंदा पाणी जास्त आहे, वारा होता, एकट्याने वल्हवताना पाठ डोंगराला होते. माझेच स्पष्टीकरण मला स्मरणपत्रासारखे वाटले, म्हणून थांबलो.

"हिकडं या. शेजारी बसा."

मी स्टूल ओढून त्यांच्या बाजूला बसलो. त्यांनी चाचपत माझा खांदा शोधला आणि मला थोडे वळवले. समोर पार्किंग होते, पलीकडे इमारती, त्यांच्यापलीकडेही इमारती. "डोंगराकडं तोंड हाय न्हवं?" मी हो म्हणालो. मग त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला आणि वर केला.

"हा."

मरळ खाली पिशवीत एकदा हलली. आत बाळासाहेब कांदा चिरत होता. मामांनी माझा हात बराच वेळ खाली येऊ दिला नाही.